एकोणीस नंबरचं वाक्य

"हा शब्द सोड. पुढचा घे," मी म्हणाले. माझ्या हातात खडू होता आणि फळ्याची उजवी बाजू अजून कोरी होती.

गुलालईने हातातली इंग्रजी शब्दांची पुस्तिका माझ्यापुढे धरली. "पुढचा सांगू, बाजी? एक्स्पेल. म्हणजे हाकलून देणं."

"ज्याने ही पुस्तिका लिहिली त्याला बायकोने घराबाहेर काढलेलं असणार."

मला बाजी, म्हणजे ताई, म्हणणारी गुलालई एरवी हसली असती. त्या दिवशी तिने नुसता फळ्याच्या डाव्या बाजूला, आपल्या मोत्यासारख्या अक्षरात, इंग्रजी शब्द लिहिला. एक्झाइल. मग बोटं ओढणीला पुसून ती माझ्याकडे बघत उभी राहिली, कारण डावी बाजू तिची आणि उजवी माझी. सहा वर्षं हे असंच चाललं होतं. इंग्रजी शब्द तिचा, उर्दू अर्थ माझा. मी लिहिलं, जिलावतन. त्याखाली, शहरबदर. त्याखाली, देस निकाला. सत्तावीस वर्षं उर्दू शिकवणाऱ्या बाईला हे काही अवघड नाही. तरी तिसरा शब्द लिहिताना खडू मोडला.

आमची शाळा मुलींची. रावळपिंडीत, ढोक खब्ब्याच्या एका गल्लीत, तीन मजली घरात भरते. अंगणात जिन्याखाली हा फळा आहे. रोज सकाळी कुराणातल्या आयती होतात, कौमी तराना, म्हणजे राष्ट्रगीत, होतो आणि मग 'आजचा शब्द'. एका वर्गाला एक आठवडा, हजेरीच्या नंबराप्रमाणे रोज एक मुलगी. तिने पुढे यायचं, शब्द म्हणायचा, एकेक अक्षर सांगायचं, माझे उर्दू अर्थ वाचायचे आणि शेवटी त्या शब्दाचं इंग्रजीत वाक्य करायचं.

वाक्याबाबत गुलालईचा नियम एकच. पुस्तकातलं वाक्य चालणार नाही. वाक्य आपल्या घरातलं पाहिजे, आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे झालंय असं की या गल्लीतल्या कुठल्याच घराची आता झाकली मूठ राहिलेली नाही. 'जनरस' हा शब्द आला तेव्हा चौथीतली चिमुरडी म्हणाली, माझे मामा दुसऱ्याच्या पाकिटाने फार जनरस आहेत. 'स्टबर्न' आला तेव्हा प्रिन्सिपल तसनीम मॅडमच्या पुतणीने सरळ मॅडमचंच नाव घेतलं. आणि कुणी पुस्तकातलं वाक्य ठोकून दिलं की सगळ्या शाळेने दोन टाळ्या वाजवायच्या आणि ओरडायचं, "आपलं सांग! आपलं सांग!" मुली या क्षणासाठी टपूनच असतात.

मी स्वतः या भानगडीत कधी पडले नाही. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झालेली बाई मी. इंग्रजीत बोलायची वेळ आली की मला खोकला येतो, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

"नंबर कुणाचा आहे आज?" मी विचारलं.

"सातवीचा आठवडा. एकोणीस नंबर."

एकोणीस नंबर म्हणजे पलवशा, गुलालईची एकुलती एक मुलगी.

गुलालई पठाण आहे हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. कुठली पठाण, हे फक्त मला. तीन वर्षांपूर्वी पलवशाला टायफॉइड झाला तेव्हा मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. फॉर्म भरताना गुलालईने पर्स माझ्याकडे दिली आणि त्यातून एक जुनं, मुदत संपलेलं कार्ड खाली पडलं. अफगाण नागरिक, बापाचं नाव, पेशावरजवळच्या निर्वासित छावणीचा पत्ता. मी ते उचलून पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली. तिने पाहिलं, मीही पाहिलं, आणि दोघींनी पलवशाच्या तापाबद्दल बोलायला सुरुवात केली.

तिचा बाप लढाईत अफगाण मुलखातल्या बग़लानहून निघून आला. ती स्वतः छावणीतल्या मातीच्या खोलीत जन्मली, पेशावरात शिकली, लग्न होऊन पिंडीला आली. पलवशा चार वर्षांची असताना नवरा ट्रकच्या अपघातात गेला. तो देश तिने डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. आणि आता सरकारने जाहीर केलं होतं की ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांनी महिनाअखेर देश सोडावा, नाहीतर पोलीस उचलतील. ऑक्टोबरची सव्वीस तारीख होती. शिक्षिकांच्या ओळखपत्रांच्या प्रती मॅडमनी दोनदा मागून झाल्या होत्या. गुलालई दोन्ही वेळा म्हणाली होती, नवं करायला टाकलंय.

सरहद्दीपलीकडे सहावीच्या पुढे मुलींना शाळा नाही. पलवशा सातवीत होती. आमची सगळी काळजी या दोन वाक्यांत मावते.

"तिचं पोट दुखतंय म्हणून सांग," मी म्हणाले. "वीस नंबरला उभी कर."

"आणि पोरींनी विचारलं, का? पोट दुखणारी पोर पहिल्या रांगेत कशी उभी? त्या घरी जाऊन सांगतील. निम्म्या पोरींचे बाप पोलिसात नाहीतर कचेरीत. बाजी, रोज होतं तेच होऊ दे. रोजच्यासारखं दिसणं, एवढं एकच कार्ड आहे माझ्याकडे."

"काय बोलणार आहे ती?"

"मी लिहून दिलंय. राजाने वजीराला एक्झाइलमध्ये पाठवलं."

"राजा आणि वजीर? हे तर पुस्तकातलं झालं!"

"हो," गुलालई म्हणाली. "सहा वर्षांत पहिल्यांदा."

मला पलवशाची भीती वाटत होती ती वेगळ्याच कारणाने. त्या मुलीला खोटं बोलता येत नसे. आमच्या सुग़रां खालाने, म्हणजे शाळेच्या आयाने, एकदा हौसेने तिला आपल्या हातचा पुलाव दिला आणि विचारलं, कसा झालाय? पोरगी म्हणाली, खारट. खालाने महिनाभर अबोला धरला होता.

घंटा झाली. तीनशे मुली रांगेत उभ्या राहिल्या. तराना संपत आला आणि तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. सुग़रां खालाने दार उघडलं आणि तशीच मागे सरकली. एक सब-इन्स्पेक्टर आत आला, पन्नाशीचा, पोट सुटलेला. त्याच्यामागे काखेत रजिस्टर घेतलेला शिपाई.

मी गुलालईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्या माणसानेही पाहिलं असतं.

तसनीम मॅडम घाईघाईने पुढे गेल्या. "या सर, ऑफिसात बसू."

"नाही, नाही. मुलींचं चालू दे. आम्ही इथेच बसतो दोन मिनिटं," तो म्हणाला. व्हरांड्यात दोन खुर्च्या आल्या. शिपायाने रजिस्टर मांडीवर ठेवलं.

पलवशा पुढे आली. फळ्याशी उभी राहून तिने शब्द म्हटला. अक्षरं सांगितली. जिलावतन, शहरबदर, देस निकाला, असं माझ्याकडे बघत वाचलं. मग हात पाठीमागे बांधले आणि एका दमात राजा आणि वजीर संपवून टाकले.

क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मिस गुलालईची मुलगी, आणि पुस्तकातलं वाक्य! मग मागच्या रांगेतून पहिली टाळी आली. दोन टाळ्या, आणि तीनशे गळे. "आपलं सांग! आपलं सांग!"

मुलींचा काय दोष? त्यांना आम्हीच शिकवलं होतं.

सब-इन्स्पेक्टर खुर्चीत पुढे सरकला. "हे काय आहे?"

मॅडमना या प्रथेचा भारी अभिमान. घाबरल्या होत्या तरी तोंडातून निघून गेलंच. "सर, आमच्याकडे प्रत्येक मुलीला स्वतःच्या घरचं वाक्य सांगावं लागतं. खोटं चालत नाही."

"वा!" तो म्हणाला. माणूस खरोखर खूश झाला होता. "मग सांग ना बेटा. लाजतेस कशाला? तुझ्या घरचं सांग."

टाळ्या थांबल्या. पलवशाने आईकडे पाहिलं. गुलालई आपल्या चपलांकडे बघत होती. पोरीने ओठांवरून जीभ फिरवली. ती काय करणार हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मोठ्या माणसाने विचारलंय, तर खरं सांगायचं.

"माय मदर..." ती म्हणाली.

"थांब!" मी ओरडले.

फळ्यापर्यंत कशी पोहोचले ते मला आठवत नाही. पलवशाला मी खांद्याला धरून बाजूला केलं. समोर तीनशे मुली आ वासून उभ्या. "आज माझा नंबर," मी म्हणाले. "तुम्ही रोज म्हणता ना, इशरत बाजी इंग्रजीला घाबरते? ऐका मग."

खोकला आला. तो मी गिळला.

"माय फादर," मी म्हणाले. "बॉर्न, अंबाला. फॉर्टी सेव्हन, कम पिंडी. ऑल लाइफ, सिट पिंडी, टॉक अंबाला. डाय पिंडी. माय फादर, एक्झाइल."

आधी हशा झाला. मुली एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या, सातवीची मॉनिटर तर खालीच बसली. मला ते हसू अमृतासारखं वाटत होतं. हसा बायांनो, मनसोक्त हसा, फक्त कुणी या पोरीकडे बघू नका. मग कुणाला तरी अर्थ लागला आणि हसणं मागच्या रांगांकडे सरकत सरकत थांबलं.

सब-इन्स्पेक्टर उठून उभा राहिला होता. "अंबाला? अंबाल्यात कुठे, बाजी?"

"स्टेशनच्या मागे. विहिरीच्या गल्लीत."

"माझे दादाजी कर्नालचे," तो म्हणाला. "शेवटपर्यंत इथल्या पाण्याला नावं ठेवायचे. म्हणायचे, डाळ शिजत नाही या पाण्यात. मरताना आमच्याकडे पाणी मागितलं, आणि कुठलं? तर आमच्या विहिरीचं." त्याने रुमाल काढून डोळे पुसले. "फार सोसलं हो त्या लोकांनी. कुणी आपली जमीन अशी सोडतं का?"

"नाही," मी म्हणाले. "कुणी सोडत नाही."

रुमाल खिशात गेला आणि तोच हात रजिस्टरसाठी शिपायापुढे झाला. त्या माणसाचा मला राग आला नाही, याचंच मला नवल वाटतं. त्याचं रडू खरं होतं आणि त्याचं रजिस्टरही खरं होतं.

ऑफिसात चहा आणि केक रस, म्हणजे गोड टोस्ट, आले. सगळ्या शिक्षिकांची कार्डं टेबलावर मांडली गेली. गुलालईचं नाव आलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, नवं करायला टाकलंय. तो माझ्याकडे बघून अंबाल्याच्या स्टेशनाबद्दल काहीतरी विचारत होता. मान न वळवताच त्याने लिहिलं आणि म्हणाला, "सोमवारी असल कार्ड दाखवा. ठाण्यात कशाला हेलपाटा? मीच येईन."

त्यांच्यामागे फाटक लागलं तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. स्टाफरूममध्ये गुलालई एकटीच बसली होती.

"बाजी," ती म्हणाली, "तुमचं इंग्रजी फार वाईट आहे."

मी हसायला लागले. तीही हसली, टेबलावर डोकं ठेवून हसली. डोकं वर केलं तेव्हा ती रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"सोमवारपर्यंतचे दिवस मिळाले," ती म्हणाली.

"माझ्या घरी येऊन राहा. वरची खोली रिकामीच आहे."

"तुमचा मुलगा सरकारी नोकरीत आहे, बाजी. त्याची नोकरी जाईल. नाही."

ती नाही म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी आणखी एकदा आग्रह करायला हवा होता. केला नाही.

"पलवशा काय बोलणार होती?" मी विचारलं. "माय मदर, आणि पुढे?"

"मी विचारलं नाही तिला," गुलालई म्हणाली आणि सातवीच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढून तपासायला बसली.

शुक्रवारी तिने फळ्यावर 'एक्स्पेल' लिहिलं. मी उजवीकडे अर्थ लिहिला. तिने तिन्ही तास घेतले, मधल्या सुट्टीत दोन मुलींचं भांडण मिटवलं आणि जुम्म्याची घंटा झाल्यावर रोजच्यासारखंच खुदा हाफिज म्हणाली. पलवशाने फाटकातून वळून सुग़रां खालाला हात केला. खालानेही हात हलवला.

रविवारी दुपारी मी तिच्या खोलीवर गेले. हातात एक पिशवी होती, पलवशासाठी लोकरीचा स्वेटर. तिकडे थंडी फार, असं ऐकून होते. दाराला बाहेरून कुलूप होतं. घरमालक बादली घेऊन अंगण धूत होता.

"पहाटेच्या नमाजानंतर गेल्या," तो म्हणाला. "एका ट्रकमध्ये सहा कुटुंबं. तोरख़मच्या सरहद्दीपर्यंत. मला नोटीस आली होती, बाजी. कागद नसलेला भाडेकरू ठेवला तर मलाच आत टाकणार. मी काय करू, सांगा?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

तो आत गेला आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. "हे तुम्हाला द्यायला सांगितलंय." डब्यात रंगीत खडू होते आणि ती पुस्तिका. पुढच्या सगळ्या शब्दांवर तिने तारखा घालून ठेवल्या होत्या, थेट मार्चपर्यंत.

सोमवारी सब-इन्स्पेक्टर बोलल्याप्रमाणे आला. मॅडमनी सांगितलं, ती गेली. त्याने रजिस्टरमध्ये एक रेघ मारली. "बरं केलं स्वतःहून गेली. मलाच वाईट वाटलं असतं," तो म्हणाला. जाताना मला सलाम केला. मी सलाम घेतला.

त्या सकाळी फळ्याच्या दोन्ही बाजू मीच लिहिल्या होत्या. डावीकडची माझी अक्षरं चढणीला लागली होती. मुलींपैकी कुणीही हसलं नाही, आणि ते मला फार लागलं.

सातवीच्या वह्यांचा गठ्ठा स्टाफरूममध्ये तसाच होता. बत्तीस वह्या, नंबराप्रमाणे लावलेल्या. मी वरून खाली एकेक उघडून बघत गेले. एक्झाइलचं वाक्य प्रत्येकीने लिहिलं होतं, प्रत्येकीच्या वाक्याखाली लाल खूण होती, गुलालईची सही होती. एकोणिसावी वही उघडली. तिच्यात खूण नव्हती आणि सहीही नव्हती.

वर शाईने राजा आणि वजीर होते. त्याखाली पेन्सिलीने लिहून खोडरबराने पुसलेलं काहीतरी. पण पोरीने पेन्सिल इतकी दाबली होती की पान खिडकीशी नेऊन तिरपं धरलं तर अक्षरं दिसत होती. मी कपाटातून शब्दकोश काढला. चष्मा पुसला. एकेक शब्द शोधून त्याच्यापुढे उर्दू अर्थ लिहीत गेले, आमच्या मुली लिहितात तसेच. पाऊण तास लागला. दोन शब्दांना कोश लागला नाही. माय मदर.

माझी आई म्हणते की आपण घरी चाललोय. तिथे सातवी नाही. मी सातवीतून एक्झाइल होणार.

त्या वाक्याचं इंग्रजी बरोबर आहे की चूक, ते मला कळत नाही. विचारायचं कुणाला? जिला कळलं असतं तिने वही न तपासताच गठ्ठ्यात ठेवली होती. मी लाल पेन घेतलं, बरोबरची खूण केली आणि खाली माझी सही केली. उर्दूत केली, मला तेवढीच येते.

वही अठरा आणि वीसच्या मध्ये, तिच्या जागी ठेवली. सुग़रां खालाला हाक मारून सांगितलं, "हा गठ्ठा सातवीत दे. मॉनिटरला म्हणावं, वाटून टाक."

खाला गेली. वरच्या मजल्यावर मॉनिटर नावं पुकारत होती, ते मला खाली ऐकू येत होतं. मध्ये एकदा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

थोड्या वेळाने खाला जिना उतरून आली. तिच्या हातात एक वही होती.

"ही एक उरली, बाजी," ती म्हणाली.

"ठेव इथे," मी म्हणाले, आणि टेबलावरचे खडू बाजूला करून जागा केली.